शीळफाट्यावरचा फ्लेक्स

आधीच सांगते, चूक माझी. नंतर कुणी म्हणायला नको की कल्पिताने गोष्ट फिरवून सांगितली.

डोंबिवली पूर्वेला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, बारसं, हळद, दहावा, निवडणूक, सगळं छापते. आणि चालायला लागल्यापासून मी मिठागर स्पोर्टिंगची आहे. हा आमचा फुटबॉल क्लब, खाडीवरच्या मिठागरांत राबणाऱ्या माणसांनी चौऱ्याहत्तर साली काढलेला. माझे आजोबा त्यातलेच. मिठागरं गेली, तिथे टॉवर आले, क्लब तेवढा राहिला. मॅचच्या आधी एखादा जुना खेळाडू मूठभर जाडं मीठ घेऊन दोन्ही गोलपोस्टांवरून ओवाळून टाकतो. टीमची दृष्ट काढतो. बाहेरचे हसतात, हसू देत.

यंदा मात्र क्लबच्या नाकातोंडात पाणी गेलं. पोरांना पाच महिने पगार नाही. मैदानाचं भाडं थकलं, बसवाला थकला, बर्फवालासुद्धा दारात येऊन शिव्या देऊन गेला. अध्यक्षांनी फोन बंद करून ठेवला. मग लीगचं पत्र आलं: शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत सगळी थकबाकी भरा, नाहीतर लीगमधून नाव काढू. चाळीस लाख! आम्ही चाहत्यांनी टी-शर्ट विकून, दारोदार फिरून जे जमवलं त्यात बसवाल्याचं तोंड जेमतेम बंद झालं.

बुधवारी दुपारी मी आणि प्रभाकरकाका दुकानात तोंड पाडून बसलेलो. काका डोंबिवलीचेच, वीज मंडळातून रिटायर झालेले. अक्षर मोत्यासारखं, म्हणून वीस वर्षं कागदोपत्री क्लबचे सेक्रेटरी. एकतीस वर्षांत त्यांनी मिठागरची प्रत्येक मॅच वहीत उतरवलीय: कोण खेळलं, गोल कुणी मारला, हवा कशी होती. प्रत्येक सामन्याला क्रमांक. शेवटचा सहाशे बारा. उत्तराकाकू म्हणतात, माझा वाढदिवस विसरतील, पण कॉर्नर किती मिळाले ते विसरणार नाहीत.

तेवढ्यात काळुरामदादा आत आला. शीळफाट्याच्या पलीकडच्या गावातला, केण्यांच्या घरचा. तरुणपणी बारा वर्षं मिठागरचा गोलकीपर, त्यामुळे हल्ली मीठ तोच ओवाळतो. त्याने शटर अर्धं खाली ओढलं.

"पैसे मी देतो," तो म्हणाला.

काकांच्या हातातला चहा सांडला.

"रस्त्यात जमीन गेली तिचे आलेत. पण खातं आम्हा भावांचं एकत्र. भाऊची सही लागते." भाऊ म्हणजे त्याचा थोरला भाऊ. सगळे त्याला भाऊच म्हणतात. "शुक्रवारी सकाळी जेवायला बसलो की मी त्याला गोडीत सांगतो. नाही म्हणणार नाही. फक्त तोवर कुठे बोलू नका. त्याच्या आधी गावाला कळलं ना, तर संपलं. माणूस सोन्याचा आहे, पण त्याला मान लागतो. आणि माझं नाव नको, फोटो नको, काय नको. क्लब राहिला, बस झालं."

मी देवाची शपथ घेतली. काकांनी नुसती मान हलवली. त्यांची मान माझ्या शपथेपेक्षा भरवशाची निघाली.

गुरुवारी सकाळी हितेशने मला फोटो पाठवला. हितेश आमचा ढोलवाला, मॅचला स्टँडमध्ये वाजवतो, एरवी हळदीत बेंजो पार्टीबरोबर. फोटोत आंबिवली स्टेशनबाहेरचा एक फ्लेक्स. आंबिवली म्हणजे आमचे जुने वैरी. फ्लेक्सवर आमचं चिन्ह, त्याला हार घातलेला, समोर समई, आणि वर मोठ्या अक्षरात: भावपूर्ण श्रद्धांजली, मिठागर स्पोर्टिंग. शोकाकुल: समस्त आंबिवलीकर.

अरे, माझं डोकं असं सटकलं ना! तळपायाची आग मस्तकात गेली. जिवंत माणसाचा दहावा घालता काय रे? ग्रुपवर आमची माणसं रडके इमोजी टाकत बसलेली, हितेश विचारत होता ढोल विकू का. आणि मला माहीत होतं की आपण वाचलोय. ते सांगता येत नव्हतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यात हा राग.

मी कॉम्प्युटरवर बसले. वीस बाय दहा. काळुरामदादाचा पुतण्याच्या लग्नातला फोटो होता माझ्याकडे, फेट्यातला. वर लिहिलं: मिठागर जिवंत आहे! खाली: क्लबचे तारणहार मा. श्री. काळुरामदादा केणे यांचे जाहीर आभार. त्याखाली शुभेच्छुक म्हणून आम्हा अठरा जणांचे गोल फोटो. काकांचाही टाकला, न विचारता. छापताना वाटलं, एकच दिवसाचा तर प्रश्न आहे, भाऊ काय लगेच घराबाहेर पडतोय? बारा वाजता हितेशने तो शीळफाट्यावर चढवला, जिथून कल्याण, ठाणे, नवी मुंबई, तिन्हीकडचा माणूस जातो. भाऊही तिथूनच जातो. रोज चार वाजता, म्हशींसाठी पेंड आणायला.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला दादाचा फोन. आवाजच नव्हता त्याला.

"कल्पिता, काय केलंस गं हे?"

 काकांना टेम्पोत घातलं आणि निघाले. काका रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. मी म्हटलं, काका, शिव्या द्या, पण बोला. ते खिडकीबाहेर बघत राहिले. फाट्यावर सिग्नलला थांबलो तर वर दादा फेट्यात हसतोय आणि खाली ओळीत काका आणि मी. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

केण्यांच्या अंगणात भाऊने आम्हाला दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं, मग वर बोलावलं. ओट्यावर तो खुर्चीत बसलेला. पांढरा शर्ट, मांडीवर टोपी. दादा भिंतीला टेकून उभा. साठीचा माणूस, पण शाळेत बाकावर उभं केलेल्या पोरासारखा दिसत होता.

"बसा," भाऊ म्हणाला. आम्ही उभेच राहिलो.

"तीन भावांची जमीन गेली रस्त्यात. आन् फोटू एकाचा. कालधरनं मना सतरा फोन आयले. भाऊ, तुमी नाय काय दिले? भाऊ, तुमाला इचारला नाय काय? मी काय सांगू लोकांना?"

"भाऊ, त्याची काही चूक नाही," मी म्हटलं. "त्याने बजावून सांगितलेलं, नाव नको म्हणून. हे माझं काम. आत्ता जाऊन काढते. नवीन लावते, तिघांचे फोटो, तुमचा मधे, सगळ्यात मोठा."

"फोटू चार दिवसांनी उतरवतान." भाऊने टोपी मांडीवरून उचलून डोक्यावर घातली. "आता गावात झालाच हाय नाव, तर नीट होऊन जाऊ दे. पैसे देतंव. सगळे देतंव. क्लबला आमच्या बापाचा नाव लागल. कैलासवासी बाळाराम केणे."

"भाऊ," दादा पहिल्यांदा बोलला, "नावाला हात नको लावूस. बाकी काय पन माग."

"मागतोय कोन? तू का मी?"

दादा परत भिंतीला टेकला.

"आमच्या बापूसनी त्या मिठागरात पाय कुजवले," भाऊ म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट खाली आलेला. "जाताना मिठानी पायाला भोकं पडलेली त्याच्या. कुनाला त्याचा नाव माहीत हाय? क्लबला मिठाचा नाव चालतंय, मीठ काढनाऱ्याचा नाय चालत?"

 मला राग यायला हवा होता, आलाच नाही. माझे आजोबाही तसेच गेले.

मग तो दादाकडे वळला. "मना आधी येऊन सांगितला असतास ना काळू, तर मी काय इचारला पन नसता. सही केली असती आन् जेवलो असतो."

दादाने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झालेले. सेक्रेटरी म्हणून हो किंवा नाही म्हणायचं काकांना. त्यांनी पाच मिनिटं मागितली आणि मला अंगणात घेऊन गेले.

"तुझं काय म्हणणं?" काकांनी विचारलं. सकाळपासूनचं पहिलं वाक्य.

"नको, काका. मेला तरी चालेल, पण मिठागर म्हणून मरू दे. दुसऱ्या नावाने मी ओरडू शकणार नाही."

"तू दुकानात परत जाशील, कल्पिता. मी घरी जाईन. त्या बावीस मुलांना मी सोमवारी कुठे पाठवू? मोसमाच्या मध्यात त्यांना दुसरा संघ घेणार नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि तो माणूस चुकीचं काही बोलला असं मला वाटत नाही. तोच तर त्रास आहे."

आम्ही आत गेलो. काका म्हणाले, "मान्य आहे." भाऊने सही केली, धाकट्या भावाची सही शेतावरून मागवली. त्यात सव्वातीन वाजले.

शीळफाट्यावरून माजिवड्याला, लीगच्या ऑफिसात जायला एरवी पाऊण तास. मुंब्रा बायपासला कंटेनर आडवा पडलेला. टेम्पो जागचा हलेना. दादा मागे, काका बाजूला, काकांच्या मांडीवर चेकचं पाकीट आणि सहाशे बारावाली वही. ती कशाला आणलेली त्यांनाच माहीत. चार वाजले. चार दहा.  दादा उतरला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहून एकेका ट्रकवाल्याला मागे घ्यायला लावू लागला, दोन्ही हात पसरून, गोलमध्ये उभा राहायचा तसा. कंटेनरच्या बाजूने एक फट झाली. मी आरसा घासत टेम्पो त्यातून काढला.

लीगच्या ऑफिसचा जिना चढलो तेव्हा चार बावन्न. टेबलावरच्या बाईंनी शांतपणे पाकीट उघडलं, चेक बघितला, फॉर्म पुढे केला. मला वाटलं, सुटलो. काकांनी क्लबचं नवं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच, एक रेघ हलली नाही. स्थापना वर्षाच्या रकान्यात त्यांनी एक नऊ सात चार लिहिलं.

"सर, हे चालणार नाही," बाई म्हणाल्या. "नाव बदललं की नवी नोंदणी होते. थकबाकी भरलीत म्हणून लीगमधली जागा राहील. पण स्थापना यंदाची."

"अहो, पण क्लब तोच आहे," मी ओरडले. "तीच पोरं, तेच मैदान, तीच जर्सी!"

"मॅडम, नियम आहे. चार सत्तावन्न झालेत. लिहिताय की परत घेऊ?"

काकांनी आकडे खोडले. शेजारी यंदाचं साल लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली. दादा तोवर दाराबाहेर जाऊन उभा राहिलेला.

जिन्यात मी काकांचा हात धरला. "काका, चूक माझी झाली."

मला वाटलेलं ते म्हणतील, जाऊ दे गं, टीम तर राहिली. असंच म्हणतात ते नेहमी.

"हो," काका म्हणाले. "तुझीच झाली."

रविवारी मॅच होती आणि समोर नेमकी आंबिवली. सोमवारी पगार खात्यात येणार हे पोरांना कळलेलं, ती हसत वॉर्मअप करत होती. ते बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. भाऊ आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉल बघायला आलेला, इस्त्रीचे कपडे, पहिल्या रांगेत. दादाने मीठ ओवाळलं. भाऊने मला विचारलं, हा काय करतंय? मी सांगितलं. तो म्हणाला, "आमचा बापूस असाच आमची दृष्ट काढायचा," आणि डोळे पुसायला लागला. मी त्याला पाणी आणून दिलं. स्पीकरवरून नवं नाव पुकारलं. आमच्या स्टँडमध्ये कुणी टाळी वाजवली नाही, कुणी शिट्टीही मारली नाही. हितेश ढोलावर हात ठेवून नुसता बसलेला.

मी वर काकांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांच्या मांडीवर वही उघडी, पान कोरं. खेळ सुरू होऊन चार मिनिटं झालेली आणि त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. एकतीस वर्षांत असं झालं नसेल.

"काका, लिहा ना. सहाशे तेरा."

"सहाशे तेरा की एक?" त्यांनी वही माझ्या मांडीवर सरकवली आणि पेन हातात दिलं. "मला ठरवता येत नाही. तूच लिही."

 मी सहाशे तेरा लिहिलं, चांगलं ठळक. मग तारीख. मग पाहुणा संघ: आंबिवली. यजमान संघ लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. पहिल्या रांगेत भाऊ मान लांब करून, कोण आपलं नि कोण परकं ते शेजाऱ्याला विचारत होता. काका माझ्या हाताकडे बघत होते.

मी पूर्ण नाव लिहिलं. कैलासवासी बाळाराम केणे स्पोर्ट्स क्लब. ओळीत मावलं नाही, खालच्या ओळीवर गेलं. मग वही काकांच्या मांडीवर परत ठेवली आणि सगळ्यांसमोर, भर मॅचमध्ये, हमसून हमसून रडले.