ऐकणाऱ्याचं टिंब

"मामा, तुम्हांस नाव नाही," वाणीनं चिठ्ठी उलगडून सांगितलं आणि सीतारामरावांच्या हातातला कॉफीचा पेला हातातच राहिला.

"म्हणजे? मी काय चूक केलों?"

"चूक नाही मामा. लॉटरी. रँडम."

वाणी त्यांच्याच गल्लीतली, वरलक्ष्मीबाईंची नात. चेन्नईला अर्थशास्त्र शिकवायची. विद्येच्या कामात माणसं कशासाठी खपतात, पैशासाठी, नावासाठी की नुसत्या सवयीनं, हे ती शोधत होती. तंजावुरातले मोडी वाचणारे दहा जण तिनं हुडकून काढले होते. प्रत्येकाला एका जुन्या छत्राच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, दप्तरातली वीस पानं, ती देवनागरीत उतरवायची. पाच जणांची नावं तिच्या शोधनिबंधात छापून येणार, पाच जणांची नाही. नाव मिळणार म्हटल्यावर चुका कमी होतात का, एवढंच तिला पाहायचं होतं. कोणाला काय मिळालं ते बोलायचं नाही आणि काम एकट्यानं करायचं, हे तिनं दोनदा बजावलं.

सीतारामरावांना यातलं ओ की ठो कळलं नाही. चाळीस वर्षं ते मोठमोठ्या पंडितांना मोडी वाचून देत आले होते. त्यातून आठ-नऊ जाडजूड पुस्तकं झाली. एकातही त्यांचं नाव नव्हतं आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलंही नव्हतं. आज मात्र तोंडावर 'नाही' ऐकल्यावर ते मनाला लागलं. चिठ्ठी म्हणजे नापास करायची सभ्य रीत तर नसेल?

समोरच्या घराच्या तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, त्या दहांतलेच रामस्वामी त्यांची वाटच पाहत होते.

"सीतू, मज नाव मिळालं! तुज?"

"सांगायचं नाही म्हटली की ती."

"म्हणजे नाही मिळालं," असं म्हणून रामस्वामी शांतपणे कामाला लागले.

एकट्यानं करायचं म्हणजे एकट्यानं उतरवायचं, अशी दोघांची अगदी प्रामाणिक समजूत. ऐकणं हे काय काम झालं? रामस्वामींनी उतरवलेलं मोठ्यानं वाचायचं, सीतारामरावांनी मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचं आणि पान बरोबर असलं की खालच्या कोपऱ्यात टिंब द्यायचं. मग उलट. टिंबाशिवाय एकही पान आजवर या गल्लीबाहेर गेलं नव्हतं.

चौदाव्या पानावर रामस्वामींची नजर घसरली. लागोपाठच्या दोन ओळी सारख्याच सुरू होत होत्या, त्यातली पहिली गळली. 'पाणी वाहणारी नागम्मा, इजला दर साल दोन लुगडी.'

सीतारामरावांचं बोट त्या ओळीवर थांबलं. 'सामी, थांब,' एवढंच म्हणायचं होतं. पण ज्याचं नाव छापून येणार त्यानं बघावं की नीट, असं काहीतरी मनात आलं आणि तोंड उघडलंच नाही. त्यांना स्वतःचीच भयंकर लाज वाटली. टिंब द्यायला मात्र हात धजला नाही. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता पानं वाणीकडे गेली.

पाच महिन्यांनी वाणी छापलेला निबंध घेऊन आली. नुसती उत्साहात होती.

"मामा, दहा जणांत एकच मोठी चूक, तीपण नाववाल्यांत! तुमची वीसच्या वीस पानं परफेक्ट. नाव नसून! तुमच्यावर एक आख्खा पॅराग्राफ आहे. नाव घातलं नाही, पण तुम्हीच ते."

"ती चूक माझी, अम्मा."

"ते पान तुमचं नव्हे, मामा."

"पान माझं नव्हे. चूक माझी."

वाणी हसली. "बघा, हेच! हा स्वभावच मी लिहिल्ये त्यात."

आता हिला काय सांगावं? सांगावं तर पोरीच्या कष्टांवर पाणी, न सांगावं तर आपल्या खोटेपणावर शहाणपण छापलेलं. सीतारामरावांचं डोकं चालेना. त्यांनी एवढंच विचारलं, "ती ओळ आता त्यात घालायला होईल?"

"छापून झालं, मामा. एका ओळीनं काय होतंय?"

"त्यात तिचं नाव आहे."

"कोणाचं?"

"पाणी वाहणारीचं."

वाणीनं गोंधळून पिशवी उचलली. तिला बस गाठायची होती.

रामस्वामी तिण्णैवर निबंध मांडीवर घेऊन बसले होते. इंग्रजी अक्षरांत छापलेलं स्वतःचं नाव त्यांनी पेन्सिलीनं अधोरेखित केलं होतं. सीतारामराव उभेच राहिले.

"सामी, चौदावं पान..."

"माहीत आहे मज. टिंब नव्हतं."

"मग विचारला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलों. पानं द्यायच्या दिवसापर्यंत थांबलों, सीतू."

सीतारामरावांना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही. रामस्वामींनी पेन्सिल उचलली.

"ओळ काय होती?"

सीतारामरावांना ती तोंडपाठ होती. रामस्वामींनी ती आपल्या छापील नावाखाली मोडीत सावकाश लिहिली, मोठ्यानं वाचली आणि निबंध त्यांच्यापुढे सरकवला. सीतारामरावांनी एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. मग पेन घेऊन पानाच्या कोपऱ्यात टिंब दिलं.