एका माणसाचं रेशनकार्ड

कळंब्याच्या जेलमधून अकरा वर्षांनी पिराजी सुटला, तेव्हा त्याच्या पिशवीत दोन सदरे आणि दहा दिवसांच्या गोळ्या होत्या. आत असताना छातीत कळ आली की पोलीस त्याला सरकारी दवाखान्यात न्यायचे, दोघं जण खाटेशेजारी बसून राहायचे. औषधाची फिकीर कधी पडली नाही. आता सगळं त्याचं त्यालाच बघायचं होतं.

गोळ्या संपायच्या आत तो कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात गेला. हृदयाच्या नळीत स्टेंट घालावा लागणार होता. आरोग्य योजनेच्या टेबलावरची पोरगी म्हणाली, "काका, योजनेत फुकट होतंय, पण रेशनकार्डावर नाव पायजे."

"भावाच्या कार्डावर हाय की."

ते आणायला तो आजऱ्याजवळच्या आपल्या गावी गेला. भावजय बाळाबाई उंबऱ्यातच उभी राहिली. "तुमचं नाव कवाच कमी केलंय, भावजी. पोरींची लग्नं व्हायची हायती. हितं नका येत जाऊ." तांब्याभर पाणी मात्र तिनं दिलं. ते पिऊन तो तसाच मागं फिरला.

तहसील कचेरीत तीन आठवडे खेटे घातले, तेव्हा कुठं नवं कार्ड हातात पडलं. कुटुंबप्रमुख पिराजी, सदस्य एक. त्या एवढ्याशा ओळीकडं तो बराच वेळ बघत राहिला.

कार्डावर मंजुरी मिळाली. पण ऑपरेशनच्या कागदावर नातेवाइकाची सही हवी होती. शेजारच्या खाटेवरच्या नवऱ्याजवळ बसलेली दानम्मा म्हणाली, "मी करतो की सही. बहीण म्हणून लिवा."

पिराजी चाचरला. "आधी ऐका, आक्का. मी जेलमधनं सुटलोय. बांधावरनं भांडण झालतं. चुलतभाऊ मेला माझ्या हातनं."

दानम्मानं आपली पिशवी पायाशी ओढून घेतली. मग नर्सकडून पेन मागून कागदावर सावकाश नाव गिरवलं आणि नवऱ्याकडं वळली.

स्टेंट नीट बसला. दुसऱ्या दिवशी पिराजीला वॉर्डात आणलं, तर शेजारची खाट रिकामी. दानम्माच्या नवऱ्याला सकाळीच घरी सोडलं होतं. तिचं गाव कुठलं, हे विचारायचं राहूनच गेलं.

गोळ्या द्यायला आलेल्या नर्सनं विचारलं, "बहीण कुठं दिसत नाहीत?"

"गेली तिच्या घरला," पिराजी म्हणाला, आणि पाण्याचा पेला घ्यायला आपला आपणच उठून बसला.