दोन दिवसांचं वेळापत्रक

ज्या वर्षी गावातलं टेलिफोन एक्स्चेंज आपोआप चालू लागलं, ते १९७४ साल. नंबर फिरवला की थेट पलीकडे घंटा वाजे. मध्ये ‘नंबर सांगा’ म्हणणारं कुणी लागेनासं झालं. साहजिकच तिथे ऑपरेटर असलेल्या वहिनीच्या नणंदेची बदली निघाली. एक तारखेला दुसऱ्या गावी हजर व्हायचं होतं, आणि त्याआधी एकच शनिवार-रविवार हाताशी उरला होता.

घरात सहा वर्षं सासरे अंथरुणाला खिळलेले. उजवं अंग गेलेलं, बोलणं जड, पण डोकं शाबूत आणि जिभेचा तिखटपणाही. वहिनी सकाळपाळीला कपड्यांच्या कारखान्यात काजं करायला जाई, नणंद दुपारपाळीला एक्स्चेंजात. एकीचा पाय उंबऱ्याच्या आत पडला की दुसरीचा बाहेर. सुट्ट्यासुद्धा वेगळ्या, एकीची रविवारी, एकीची बुधवारी. रात्रीही एक आतल्या खोलीत झोपे तेव्हा दुसरी बाहेर खाटेपाशी. बाकी सगळं बोलणं खाटेला टांगलेल्या वहीत: ‘कूस बदलली साडेदहा. चादर भिजली होती. चिडलेत, मनावर घेऊ नकोस.’ सहा वर्षांत दोघींनी शेजारी बसून एक अख्खा कप चहा घेतला नव्हता.

म्हणून नणंदेनेच विषय काढला. “वहिनी, दोन दिवस कुठेतरी जाऊ या. दोघीच. एकदा गेले की कसली येतेय मी परत?”

कुठे, ते तिचं ठरलेलंच होतं. त्या शहराच्या लाइनवर ती अकरा वर्षं बसली होती आणि पलीकडची ऑपरेटर फावल्या वेळात तिथल्या गमती सांगे. तिथे म्हणे घरांना नंबर, ती बांधली त्या क्रमाने. तीन नंबराच्या शेजारी आठशे बारा. नवा पोस्टमन पहिले सहा महिने रडतोच. एक अख्खी गल्ली नुसत्या पायऱ्यांची, तिचा कठडा लोक घसरून घसरून गुळगुळीत झालेला. डॉक्टरसुद्धा बॅग पोटाशी धरून घसरतात. वेशीच्या आत गाडी नाही, सगळं पायी.

“पायी?” वहिनी म्हणाली. तिच्या टाचा आधीच ठणकत होत्या.

“बसत बसत जाऊ गं.”

वहिनीचा नवरा ट्रकांच्या वजनकाट्यावर कारकून. “दोन दिवसांचं काय एवढं? मी बघेन बाबांचं.”

“कूस बदलता येते तुम्हाला?”

“रोज चाळीस ट्रक काट्यावर घेतो मी!”

“ट्रक शिव्या नाही देत हो.”

खाटेवरून सासरे म्हणाले, “जा, जा. मी काय पळून जाणार आहे?”

आठवडाभर बेत शिजला तोही वहीतच. ‘पहिल्या दिवशी तुम्ही दमाल, तेव्हा तुम्ही झोपा, मी तोवर वेशीपर्यंत जाऊन येते.’ ‘नको, तुझ्या टाचा दुखतात, तू पड, मी जाते.’ एक लिहून जाई, दुसरी खाली भर घाली. शुक्रवारी दुपारी नणंद निघताना वहिनीने सगळा बेत मोठ्याने वाचून दाखवला.

“शनिवार, सहा ते दोन: वहिनी जुना भाग पाहणार, वन्सं विश्रांती. दोन वाजता खोलीची चावी देणे. दोन ते दहा: वन्सं पायऱ्यांची गल्ली, वहिनी झोप. रविवारी निघेपर्यंत असंच.”

“पुन्हा वाच,” सासरे म्हणाले. तीस वर्षं त्यांनी बस डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांच्या पाळ्या लावल्या होत्या. वहिनीने पुन्हा वाचलं.

“ही... सहल नाही. ड्यूटी आहे. दोघी एकत्र कधी?”

“दोन वाजता,” वहिनी म्हणाली. “चावी देताना.” आणि आपलंच बोलणं तिच्या कानावर आलं.

नणंद एका पायात चप्पल घालून उभी होती, ती तशीच उंबऱ्यावर बसली. आधी हसली, हसता हसता तोंडाला पदर लावला. वहिनीला मात्र हसू येईना.

“वन्सं, राहू द्या. नकोच जायला. मला सवय नाही तुमची. दोन दिवस बोलायचं तरी काय आपण?”

“मलाही तीच भीती वाटते,” नणंद म्हणाली.

“पेन्सिल,” सासरे म्हणाले. डाव्या हाताने त्यांनी पान इथून तिथून खोडलं. जायची गाडी ठेवली, यायची ठेवली. “मधे... ड्यूटी नाही. कुणालाच.”

नणंद त्या दिवशी नोकरीत पहिल्यांदा उशिरा गेली.

आणि दोघी गेल्या. शहर पाहिलं म्हणावं तर तीन गल्ल्या. चौथी ती पायऱ्यांची. खालच्या पायरीवर जरा टेकल्या, ऊन उबदार होतं, बोलायला काही सुचेना, आणि एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून दोघींना गाढ झोप लागली. लोक कठड्यावरून घसरत होते, त्यांना वळसा घालून जात होते. जाग आली तेव्हा तीन वाजले होते.

“तुम्ही घोरता, वन्सं.”

“सहा वर्षांत सांगितलं नाहीस ते!”

“झोपलेलं पाहिलं कधी मी तुम्हाला?”

मग बोलणं सुरू झालं ते रविवारी गाडी सुटेपर्यंत. उरलेलं शहर तसंच राहिलं. घसरणंही राहिलं.

सासरे पुढे दीड वर्षाने गेले. त्या दोन दिवसांत नवरा कूस बदलायला शिकला होता. ‘बाप ट्रकपेक्षा जड’ एवढंच त्याने वहीत लिहिलं. नणंद गेल्यावर तिची जागा त्यानेच घेतली, दुपारपाळी मागून. मग दीड वर्ष नवरा-बायकोचीच भेट काय ती दारात, दोन मिनिटांची. तो निवृत्त होऊन चार वर्षं जगला. नणंद बदलीच्या गावीच राहिली, तिथेच नव्व्याण्णव साली वारली. तोवर दर पंधरा दिवसांनी तिचं पत्र येई, आठ-आठ पानांचं. वहिनीने डोळे दमल्यावर कारखाना सोडला. आता ती दुपारी जेवल्यावर झोपते, आणि कुणी उठवलेलं तिला मुळीच खपत नाही.