उशाशी ठेवलेली बरणी

दुपारचे बारा वाजले होते. शिरूरच्या एका खासगी दवाखान्यात अनिता ऑपरेशनचा हिरवा गाऊन घालून कॉटवर बसली होती. तिच्या उशाशी मी होते.

मी पांढऱ्या प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची बरणी बोलतेय. माझ्या साच्यातल्या बहिणी लोणच्यासाठी गेल्या; माझ्या वाट्याला दवाखान्याशेजारचं मेडिकल आलं. ऑपरेशनच्या सामानात मलाही विकत आणावं लागतं. काढलेली पिशवी, म्हणजे गर्भाशय, औषधी पाण्यात बुडवून माझ्यातून पुण्याच्या लॅबला तपासायला जायची असते. त्या दिवशी मला एकच हवं होतं, रिकामं राहणं.

अनिताला दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. तिच्या माहेरी, दौंडला, तिथल्या डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफी करून सांगितलं होतं की तिची पिशवी जन्मापासूनच पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची आहे, वर दोन शिंगं फुटलेली. हा आजार नव्हे, घडण. नीट लक्ष ठेवलं तर मूल होऊ शकतं. शिरूरच्या डॉक्टरांनी ते कागद उघडलेही नाहीत. पोटावर मशीन फिरवलं आणि दुसऱ्या शिंगालाच गाठ म्हणाले. पुढे कॅन्सर होईल, काढून टाका.

"अहो, मॅडम शिंग म्हणत्यात, हे गाठ म्हणत्यात. खरं कोण?"

नवरा ज्ञानेश मोबाईलमध्येच होता. "दोघं बी डॉक्टरच की. आता नंबर लागलाय."

"मूल टिकंना, मग पिशवी ठिवून काय लोणचं घालायचंय?" सासू वच्छलाबाई म्हणाल्या. "तिकडं झेंडू तोडायला आलाय."

शेजारच्या कॉटवर ऊसतोडीला आलेली रंगुबाई होती. वय तिशीचं, आदल्या दिवशी पिशवी काढलेली. तिची भरलेली बरणी, माझ्याच खोक्यातली, खिडकीत तशीच होती. चिरायला घाई आणि तपासायला सवड, ही रीत मी तिथंच पाहिली.

"मला बी क्यान्सरच सांगितला," रंगुबाई म्हणाली. "आमच्या टोळीतली जी बाई पोट धरून येती, तिला गाठच निघती. मुकादमच आणून सोडतो. पिशवी गेली की पाळीचा खाडा बी गेला, म्हणतो."

वच्छलाबाईंनी खिडकीतल्या बरणीकडे बोट दाखवलं. "सिस्टर, ही बरणी पुण्याला कवा जायाची?"

"जाईल."

"आन् गाठ न्हवतीच, असं तिकडनं आलं तर?"

सिस्टर सलाईनची नळी बघू लागली.

वच्छलाबाईंनी मला उचलून थैलीत टाकलं. "ज्ञाना, गाडी काढ. दौंडला जायचंय."

"आई, झेंडू..."

"झेंडू पुन्हा येतो."

आता मी त्यांच्या घरातल्या फळीवर असते, माझ्यात झेंडूचं बी आहे. अनिताला पाचवा महिना लागलाय. बदामी पिशवीत मूल वेळेआधी येण्याची भीती असते. म्हणून दौंडच्या फेऱ्या चालू आहेत. जरा पोट दुखलं की ती माझी फळी धरून उभी राहते. मलाही धीर राहत नाही. बायांनो, मला विकत घेण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला विचारा.

आम्ही निघालो तेव्हा रंगुबाईची बरणी खिडकीतच होती. तिची टोळी कधीच गावी परतली. तिच्या पिशवीत गाठ होती का, हे तिला अजून कुणीही सांगितलेलं नाही.