बुबुळावरचा पडदा

तिने हनुवटी आधारावर टेकवली, कपाळ पट्टीला लावलं आणि उजवा हात यंत्राला वळसा घालून बटणापर्यंत नेला. खरं तर या कामाला माणसं दोन लागतात, एक मोजणारं आणि एक मोजून घेणारं. पण यायचं कबूल केलेल्या कारकूनबाईंनी आयत्या वेळी टांग दिली होती, आणि निरोगी डोळ्यांच्या यादीतली शेवटची ओळ रिकामी राहिलेली तिला बघवेना.

फुस्स करून वाऱ्याची बारीक फुंकर डोळ्यावर आली. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, अशा फुंकरीने केसभर आत दबतो आणि परत जागेवर येतो. तेवढ्यात यंत्रातल्या प्रकाशात त्याच्या शेकडो प्रतिमा टिपल्या जातात. पडदा किती दबला, किती वेळात सावरला, यावरून तो घट्ट आहे की लेचापेचा ते कळतं. हे यंत्र जुळवण्यात तिची नऊ वर्षं गेली होती.

संगणकावरची रेघ नको तितकी खोल गेली आणि रेंगाळत वर आली. यंत्राचंच काहीतरी बिनसलंय म्हणून तिने रबरी डोळा बसवून पाहिला. त्याचे आकडे जिथल्या तिथे होते. मग पुन्हा स्वतःचा डोळा, मग दुसरा. चार वेळा तेच.

दुपारी ती खालच्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. घाबरण्यासारखं काही नाही, त्या म्हणाल्या. या वयात पडदा सैल पडण्याचा हा आजार सहसा वाढत नाही, चष्म्यावर निभावेल. लहान वयात मात्र पडदा पातळ होत होत पुढे टोकदार येतो. वेळीच कळलं तर तो तिथल्या तिथे थांबवता येतो.

"रक्ताच्या नात्यात लहान कोणी आहे?"

"भावाची मुलगी. बारा वर्षांची."

"मग तिला दाखवून घ्या. उशीर नको."

"घेते," ती म्हणाली, जणू भाची बाहेर बाकावरच बसली होती.

भाचीला तिने एकदाच पाहिलं होतं, रांगत होती तेव्हा. आई गेली त्या आठवड्यात इथे एक मोजणी अर्ध्यावर होती. ती संपवून ती पोचली, तोवर सगळं आटोपून एक दिवस उलटला होता. भाऊ दारातच म्हणाला, "आता कशाला आलीस?" भांडण असं झालंच नाही. ती आल्या पावली परतली. त्यानंतरच्या अकरा वर्षांत दोघांनी एकमेकांचं नाव काढलं नाही. निदान तिने तरी नाही.

वर येऊन तिने भिंगं पुसली, स्वच्छच असलेलं टेबल पुन्हा पुसलं. सगळे घरी गेल्यावर भावाचा जुना नंबर लावला.

फोन मुलीने उचलला. "कोण बोलतंय?"

"आत्या."

"कोणती आत्या? तुम्हाला कोण पाहिजे?"

बाबांची मोठी बहीण, असं तिने सांगितलं. कुठे राहते, काय करते, तेही सांगितलं. अर्ज भरल्यासारखं.

"डोळे मोजणारी?" मुलीने विचारलं. "तूच का ती? बाबा सारखे म्हणतात, माझे डोळे अगदी तुझ्यासारखेत."

खुर्ची ओढून ती बसली.

"हो का," ती म्हणाली. "बाबांना दे बरं फोन, बाळा."