मधलं शटल

मित्रांनो, माझ्या तारा ढिल्या पडल्या आहेत आणि डोक्याजवळ एक चीर गेली आहे, तेव्हा जरा दमानं सांगते. मी एक जुनी बॅडमिंटनची रॅकेट आहे. चीनमधल्या शियांगतान शहरात, एका गल्लीतल्या हॉलमध्ये, गरम पाण्याच्या थर्मासशेजारी खिळ्यावर लटकलेली असते. माझी मालकीण मेइचुन इथे शिकवते. खेळून खेळून दोघींचंही कंबरडं मोडलं आहे.

कार्बनचे काळे धागे भट्टीत भाजून मला कारखान्यात घडवलं. प्रांताच्या संघात मी मेइचुनच्या हाती आले. दुहेरीत तिची जोडीदार होती यालान, डावखुरी. दोघींचं ठरलेलं होतं, मधोमध आलेलं शटल यालानचं. मेइचुन मला उचलायची आणि तिथेच थांबायची. रोजचे सहा तास, अशी पाच वर्षं. ते थांबणं माझ्यासुद्धा अंगात मुरलं.

सकाळी तिखटजाळ नूडल्स खाता खाता यालान माझ्या मुठीला नवी पट्टी गुंडाळून द्यायची. पण डावखुरी ती, उलट्या दिशेनं गुंडाळायची.

"परत उलटी! हातात सुटते ना गं!" मेइचुन करवादायची आणि सगळी सोडून पुन्हा गुंडाळायची.

"फुकटच्या कामाला नावं ठेवू नयेत," यालान भरल्या तोंडानं म्हणायची.

मग एके दिवशी फळ्यावर यादी लागली. जोड्या बदलल्या होत्या. खेळाडूंना विचारायची पद्धत नव्हतीच.

सहा महिन्यांनी निवडीच्या सामन्यात दोघी समोरासमोर आल्या. जिंकणारी जोडी देशाच्या संघात जाणार होती. शेवटच्या गुणाला शटल मेइचुन आणि तिच्या नव्या जोडीदाराच्या मधोमध आलं. मेइचुननं मला उचललं आणि ती थांबली. शटल तिच्या पायाशी पडलं.

"मॅच सोडली! मैत्रिणीसाठी मुद्दाम सोडली!" लोक ओरडले. आमच्या संघात अधूनमधून वरून सांगून सामने सोडायला लावत, त्यामुळे कोणाला आश्चर्य वाटलं नाही. प्रशिक्षक एवढंच म्हणाले, "वरून आदेश असता तर गोष्ट वेगळी. तू कोण ठरवणारी?"

यालान लाल डोळ्यांनी आली. "मला भीक घातलीस? तुझ्या दानावर जाऊ का मी देशाकडून खेळायला?"

मेइचुन काही बोलली नाही. मला ओरडून सांगायचं होतं, पण मला आवाज कुठला! आठवड्याभरात तिला संघातून काढलं. यालान देशाकडून खेळली, पदकं जिंकली. अकरा वर्षं दोघींनी एकमेकींचं नाव काढलं नाही. अपमानापेक्षा त्या गप्प बसण्यानंच मेइचुन जास्त खंगली.

गेल्या रविवारी हॉलमधल्या आज्यांना खेळायला चौथी मिळेना. तेवढ्यात दारात एक बाई दिसली, घोट्याला पट्टा बांधलेली.

"अहो, उभ्या काय राहता! या, मेइचुनच्या बाजूनं खेळा!" एका आजीनं तिला ओढलंच. ती यालान होती.

दोघी मुकाट्यानं खेळल्या. मग शटल मधोमध आलं. मेइचुननं मला उचललं आणि ती थांबली. मागून डावा हात आला आणि शटल पलीकडे पडलं.

यालान जागच्या जागी उभी राहिली. "अजून सोडतेस?"

"सोडत नाही गं. सुटतं."

"म्हणजे त्या दिवशी..."

"हो."

"मग बोलली का नाहीस, बये?"

"तू विचारलं कुठे? तू सुनावलंस."

यालान बाकावर बसली आणि तोंड लपवून नव्हे, चक्क सगळ्या आज्यांसमोर हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून तिनं पिशवीतून नवी पट्टी काढली आणि मला मांडीवर घेतलं.

मित्रांनो, खेळ संपला की आमची मूठ पुसून ठेवा, आम्हाला उन्हात टाकू नका. आणि कोणाच्या हातून काही सुटलं, तर सुनावण्याआधी एकदा विचारा. अकरा वर्षं फार होतात.

यालाननं पट्टी उलटीच गुंडाळली आहे. ती हातात सुटते, पण मेइचुननं ती अजून सोडलेली नाही.