उपाशी मासे

धाकटीला पहिल्यांदा दिवस गेले, त्याच साली गल्लीत मलेरिया शिरला. अकरा घरांतली सात घरं तापाने फणफणली. धाकटीला बाळंतपणाला आईकडेच यायचं होतं आणि आईला, म्हणजे गल्लीच्या शिंपीणबाईला, लेकीवाचून घास गोड लागत नव्हता. पण जावई अडून बसला. गरोदर बाईला हा ताप फार वाईट, तेव्हा सरकारी दवाखान्याच्या नर्सबाईंनी गल्ली साफ झाली असं म्हटल्याशिवाय पाठवणार नाही. आठवा महिना सरला की प्रवासही बंद. शिंपीणबाईला जावयाचा राग आला, आणि तो बरोबर बोलतोय म्हणून आणखीच आला.

नर्सबाईंनी शिंपीणबाईच्याच शिवणखोलीत सगळ्यांना जमवलं. फवारणीवाले येऊन जातील, पण पाणी तुमचं आहे, तुम्हीच सांभाळा, म्हणाल्या. आजाऱ्यांनी गोळ्या पुऱ्या घ्यायच्या, दर मंगळवारी एकमेकांची भांडी पालथी घालायची आणि टाक्यांत गप्पी मासे सोडायचे. मासे डासांच्या अळ्या खातात. प्रत्येक टाकीला दहा मासे मिळाले. शिंपीणबाई म्होरकी झाली. हातात बॅटरी, कमरेला पांढरा वाडगा. लोक तिला फौजदारीणबाई म्हणू लागले आणि तिने ते मनावर घेतलं.

तीन आठवड्यांनी नर्सबाईंनी टाकीत वाडगा बुडवला, तर अळ्या नुसत्या वळवळत होत्या. मासे तळाशी जेवून लवंडलेल्या पाहुण्यांसारखे पडलेले. गल्लीने माशांच्या नावाने बोटं मोडली. मासे आळशी, मासे सरकारी, मासेच बदलून द्या.

शिंपीणबाईने मात्र बोटांवर दिवस मोजले. लेकीचा आठवा महिना लागून आठवडा झाला होता. ती खाली मान घालून म्हणाली, "मी रोज सकाळी कणकेच्या गोळ्या टाकते. इवलेसे जीव, बघवत नाही."

मग न्हावीकाकांनी पावाचा चुरा कबूल केला. मास्तरीणबाई उकडलेल्या अंड्याच्या बलकापर्यंत पोहोचल्या होत्या. अकराच्या अकरा घरांनी एकमेकांपासून चोरून माशांना जेवू घातलं होतं.

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "तुम्ही मासे पाळलेत की जावई?"

हसून हसून मास्तरीणबाईंना उचकी लागली. शिंपीणबाईही हसली, डोळे पुसत हसली, आणि तिथल्या तिथे हुकूम सोडला. आजपासून माशांना उपास. कोणाचा स्वतःच्या काळजावर भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येकाने दुसऱ्याच्या टाकीवर पहारा करायचा. न्हावीकाका वयाने सगळ्यांत मोठे आणि मनाने सगळ्यांत मऊ. त्यांच्या वाट्याला शिंपीणबाईचीच टाकी आली. तिसऱ्या दिवशी ते तिच्या दारात येऊन म्हणाले, "पोरी, ते माझ्याकडे बघतात गं." तिने त्यांना चहा पाजला, पावाची पिशवी काढून घेतली आणि मशीनवर बसवलं. ते नाक ओढत पायपुशी शिवत बसले. पाचव्या दिवशी मासे असे सुळसुळ फिरू लागले की मास्तरीणबाई पहारा सोडून तमाशा बघावा तशा टाकीवर ओणवून राहिल्या.

पुढचे दोन मंगळवार नर्सबाई वाडगा घेऊन अकराही घरं फिरल्या. दुसऱ्या मंगळवारी त्या शेवटी शिंपीणबाईच्या टाकीशी आल्या. वाडगा बुडवला, उन्हात धरला, तिरका केला. आत नुसतं पाणी. नवा तापही दोन आठवडे कोणाला नव्हता. गल्ली साफ, त्या म्हणाल्या, पण मंगळवार सोडू नका. शिंपीणबाईने भर गल्लीत न्हावीकाकांचा हात धरून गिरकी घेतली आणि धापा टाकतच जावयाला फोन लावला.

धाकटी शनिवारी आली, मच्छरदाणीसकट. महिन्याभराने मुलगी झाली.

त्या वर्षी गल्लीत मलेरियाने कोणी गेलं नाही. न्हावीकाका गेले ते पुढच्या वर्षी, शिंपीणबाईच्या नातीला दोन दात आले तेव्हा, एका मंगळवारी दुपारी, झोपेत. वय शहाऐंशी.